फारखतीचा कागद आणि न मिटलेला हिशेब

१/
‘सही केली, विषय संपला.’ वेगळे होताना लिहून घेतलेल्या कागदाविषयी आपल्या समाजात ही समजूत फार खोल रुजलेली आहे. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारखत, नोटरीचा करारनामा असे शब्द बदलत गेले. समजूत तीच राहिली. आजचा धागा या समजुतीच्या इतिहासाचा आहे. एकत्र राहताना किंवा वेगळे होताना ‘पोटगी मागणार नाही’ असे लिहून दिले, तर तो हक्क खरोखर संपतो का? माझे मत आरंभीच सांगते : तो सहजी संपत नाही, आणि संपू नये. या मताला इतिहासाचा आधार किती आणि विरोध किती, ते पुढे पाहू. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
निमित्त घरचेच आहे. मे महिन्यात वैभववाडीला होते. शेजारच्या वाडीतली एक मुलगी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, मुंबईहून कायमची परतली होती. कडेवर तीन वर्षांचा मुलगा. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक स्टँप पेपर काढला. त्यावर नोटरीचा शिक्का आणि दोन सह्या. मजकुराचा सारांश असा : उभय पक्ष पती-पत्नी नाहीत, स्वेच्छेने एकत्र राहत आहेत, वेगळे झाल्यास कोणीही कोणाकडे खर्च मागणार नाही, अपत्य झाल्यास त्याची जबाबदारी सर्वस्वी ‘पक्ष क्रमांक दोन’ची. पक्ष क्रमांक दोन म्हणजे ती.

३/
ती म्हणाली, “तू इतिहास शिकतंस ना? ह्या कागदार माझी सही आसा. आता माका काय मागूक येता काय?”
मला उत्तर देता आले नाही. जुन्या फारखतींची भाषा मी वाचली होती, त्यांवरच्या शिक्क्यांविषयी टिपणे काढली होती. पण अशा कागदाचे वजन जिवंत माणसाच्या पोटाला किती पडते, हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता. त्यानंतरचे दोन महिने मी त्याच प्रश्नामागे होते. हाती आले ते इथे मांडते.

४/
हा कागद अपवादात्मक आहे, असे समजू नका. २०२४ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाच्या एका अर्जासोबत सहजीवनाचा सात कलमी करार सादर झाला, आणि त्याची बातमी देशभर गाजली. त्यातही गर्भधारणा झाल्यास पुरुषाला जबाबदार धरू नये, अशा आशयाचे एक कलम होते. त्यावरची सही आपली नाही, असे त्या स्त्रीचे म्हणणे होते. पुरुषाला जामीन मिळाला, आणि समाजमाध्यमांवर अनेकांनी निष्कर्ष काढला : ‘बघा, करार चालतो.’ जामीन मिळणे म्हणजे कराराच्या प्रत्येक कलमावर न्यायालयाची मोहोर उमटणे नव्हे. हा घोटाळा समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ.

५/
आधी शब्द पाहू. ‘फारकत’ हा शब्द आपण आज विभक्त होण्यासाठी वापरतो. त्याचे मूळ रूप फारखत, अर्थात मोकळे केल्याचा लेख. हा शब्द मुळात देण्याघेण्याच्या व्यवहारातला आहे. कर्ज फिटले, हिशेब मिटला, आता एकमेकांवर काही बाकी नाही, असे लिहून देणे म्हणजे फारखत. सावकारी हिशेबाचा हा शब्द संसाराला लागला, तेव्हा त्याच्यासोबत एक विचारही घरात आला : संसार हे दोघांमधले खाते आहे आणि दोघांच्या सहीने ते बंद होते. माझा आक्षेप नेमका या विचाराला आहे. संसाराच्या खात्यात तिसरी नावे असतात, आणि ती सही करत नाहीत.

६/
जुन्या शास्त्रकारांनाही हे दिसत होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात, निर्दोष पत्नीला टाकणाऱ्या पुरुषाकडून संपत्तीचा तिसरा हिस्सा तिला देववावा, आणि तो निर्धन असल्यास निदान तिचे भरणपोषण करवावे, असा नियम आहे. ‘निर्दोष’ कोण, हे ठरवण्याचे निकष अर्थातच पुरुषांचे : आज्ञाधारक, दक्ष, पुत्रवती, गोड बोलणारी. त्या निकषांचे समर्थन मी करणार नाही. पण टाकले म्हणजे देणे संपले नाही, हे तत्त्व तिथे स्पष्ट आहे. या स्मृतीवरच्या प्रसिद्ध टीकांपैकी एक, ‘अपरार्क’, बाराव्या शतकातल्या कोकणच्या शिलाहार राजाच्या, अपरादित्याच्या नावावर आहे. हा विचार आपल्या किनाऱ्याला परका नव्हता.

७/
शास्त्र एकीकडे आणि रूढी दुसरीकडे. १८२७ साली आर्थर स्टील याने मुंबई सरकारसाठी दख्खनमधल्या जातींच्या कायद्यांचे व चालीरीतींचे संकलन प्रसिद्ध केले. अनेक जातींमध्ये काडीमोड आणि पाट सर्रास होते, हे त्यावरून दिसते. ब्राह्मणी घरातल्या स्त्रीला जी सुटका नव्हती, ती कष्टकरी घरातल्या स्त्रीला पंचांसमोर मिळू शकत होती. ही या व्यवस्थेची जमेची बाजू. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण सुटका आणि निर्वाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदाने पहिली दिली, आणि अनेकदा तिच्या किमतीपोटी दुसरी काढून घेतली.

८/
इंग्रजी न्यायालयांनी या रूढीला मर्यादा घातल्या. १८७६ च्या ‘रेग विरुद्ध संभू रघू’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की विवाह रद्दबातल ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने मिळणारा घटस्फोट, ती रूढी सिद्ध करता आल्यास, जपला. म्हणजे फारखतीने विवाह संपतो की नाही, यावर शतकभर वाद झाला. फारखतीने पोट संपते का, हा प्रश्न मात्र वेगळ्याच वाटेने, फौजदारी कायद्याच्या वाटेने आला.

९/
ती वाट १८६१ ची. त्या वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१६ ने मॅजिस्ट्रेटला अधिकार दिला : साधन असूनही पत्नीला, किंवा स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या औरस वा अनौरस मुलाला जो पोसत नाही, त्याला दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करावा. ‘अनौरस’ हा शब्द १८६१ पासून कायद्यात आहे, याकडे लक्ष द्या. आईवडिलांचे लग्न झाले होते की नाही, हे मुलाच्या भुकेला विचारायचे नाही, हा नियम आपल्या देशात दीडशेहून अधिक वर्षे जुना आहे. ‘लिव्ह-इनमधल्या मुलाला हक्क मिळणे ही आधुनिक सूट आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

१०/
राज्यकर्त्यांचा हेतू करुणेचा होता, असे मात्र समजू नये. १८७२ ची संहिता घडवणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने या तरतुदीकडे निराधारांची भटकंती व तिचे परिणाम रोखण्याचा उपाय म्हणून पाहिले. उपाशी बाई आणि मूल रस्त्यावर आले, तर भार समाजावर पडतो. म्हणून तो ज्याचा त्याच्यावर टाकावा. रकमेला कमाल मर्यादाही होती : आरंभी दरमहा ५० रुपये, १९२३ नंतर १००, १९५५ नंतर ५००. ही मर्यादा केंद्रीय कायद्यातून २००१ साली गेली. हेतू कोरडा असला, तरी त्यातून एक महत्त्वाचे तत्त्व निघाले : पोटगीच्या देण्यात समाजही एक पक्ष आहे.

११/
आता लग्नाविना एकत्र राहणाऱ्या स्त्रीकडे येऊ. हिंदू धर्मशास्त्रात तिच्यासाठी ‘अवरुद्ध स्त्री’ ही संज्ञा होती, म्हणजे एकाच पुरुषाशी स्थायी संबंध ठेवून राहिलेली स्त्री. शब्द आज कानाला बोचतो, आणि बोचायलाच हवा. पण त्याच्याशी एक हक्क जोडलेला होता. तो पुरुष मेल्यावर त्याच्या मालमत्तेतून तिला अन्नवस्त्र मिळत असे. मुंबईहून गेलेल्या ‘बाई नागूबाई विरुद्ध बाई मोंघीबाई’ या खटल्यात १९२६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हा हक्क मान्य केला. ती स्त्री त्याच्या कुटुंबासोबत एका छपराखाली राहत असणे आवश्यक नाही. संबंध स्थायी आणि एकनिष्ठ असणे पुरेसे, असे ठरले.

१२/
या हक्काची मर्यादाही क्रूर होती. १९०१ साली ‘निंगारेड्डी विरुद्ध लक्ष्मव्वा’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले होते, की पुरुष हयात असताना अशी स्त्री त्याच्याकडून अन्नवस्त्र मागू शकत नाही. तो मनात येईल तेव्हा तिला सोडू शकतो. म्हणजे त्याच्या मरणापर्यंत टिकली तर हक्क, त्याआधी टाकली तर काही नाही. आणि १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आश्रितांची जी यादी केली, तीत अवरुद्ध स्त्री उरलीच नाही. अनौरस मुले राहिली, त्यांची आई गेली. आधुनिक कायद्याने जुन्या कायद्याहून कमी दिले, असे जे प्रसंग आपल्या इतिहासात आहेत, त्यांत हा एक.

१३/
ही पोकळी लोकांनी कागदांनी भरली. १९७०-८० च्या दशकांत गुजरातेत ‘मैत्री करार’ गाजले. विवाहित पुरुष आणि दुसरी स्त्री स्टँप पेपरवर मैत्रीचा करार करीत, कारण दुसरे लग्न हा गुन्हा ठरला होता. स्त्रीला वाटे, कागद आहे म्हणजे आधार आहे. पण त्या कागदाला विवाहाचा दर्जा कधीच नव्हता. आजचे सहजीवन करारनामे वाचताना मला त्यांची आठवण होते, एका फरकासह. तेव्हाचा कागद स्त्रीला निदान काही देण्याचे वचन देत असे. आजचे अनेक कागद तिच्याकडून काही काढून घेण्यासाठीच लिहिले जातात.

१४/
मग करारस्वातंत्र्याचे काय? दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने लिहिले, तर कायद्याने नाक का खुपसावे? याचे उत्तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम २३ मध्ये आहे : ज्या कराराचा हेतू एखाद्या कायद्याची तरतूद निष्फळ करण्याचा आहे किंवा जो सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, तो निरर्थक. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९२९ साली ‘हायमन विरुद्ध हायमन’ खटल्यात हेच तत्त्व पोटगीला लावले. पत्नीने ‘न्यायालयात जाणार नाही’ असे लिहून दिले, तरी निर्वाह मागण्याची तिची वाट त्याने बंद होत नाही. कारण त्या हक्कात केवळ तिचाच नव्हे, समाजाचाही संबंध आहे.

१५/
आपल्याकडचा या विषयावरचा एक मोठा निकाल मुंबईतल्या घरातून आला : ‘बाई ताहिरा विरुद्ध अली हुसेन फिदाअली चोथिया’. लग्न १९५६ चे. १९६२ मध्ये तलाक, आणि त्याच वर्षी तडजोडीचा हुकूमनामा. त्यानुसार फ्लॅट तिच्या नावे झाला, मेहरचे ५,००० आणि इद्दतचे १८० रुपये चुकते झाले असे मानले गेले, आणि आता आपला काहीही हक्क उरला नाही, असे तिच्याकडून नोंदवून घेण्यात आले. पुढे तिने पोटगी मागितली. मॅजिस्ट्रेटने मुलाला ३०० आणि तिला ४०० रुपये दरमहा मंजूर केले. वरच्या न्यायालयात ती हरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

१६/
ऑक्टोबर १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला : जुन्या तडजोडीने भविष्यातील पोटगीचा हक्क संपलेला नाही. एकरकमी दिलेली रक्कम निर्वाहाची जागा खरोखर घेण्याइतकी असेल, तरच तिचा विचार होईल; नाममात्र रकमेने हे कर्तव्य फिटत नाही. हा निकाल शक्य झाला, कारण १९७३ च्या संहितेने कलम १२५ मध्ये ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटितेचा समावेश केला होता. त्यापूर्वी, १ एप्रिल १९७४ पर्यंत, घटस्फोट झाला की या कलमाखालचा पत्नीचा हक्क सुटत असे. म्हणजे ‘सही केली, विषय संपला’ ही समजूत एके काळी बरीच खरी होती. ती खोटी ठरवावी लागली, आणि त्यासाठी कायदा बदलावा लागला.

१७/
महाराष्ट्रातला अलीकडचा निकाल २०१८ च्या डिसेंबरचा. ‘रामचंद्र लक्ष्मण कांबळे विरुद्ध शोभा रामचंद्र कांबळे’ या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्पष्ट केले : पत्नीने भविष्यातील पोटगीचा हक्क सोडून देण्याचा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, आणि तो स्वेच्छेने केलेला असला तरी अंमलात आणता येत नाही. फारखतीच्या कागदाला याहून थेट उत्तर क्वचितच मिळाले असेल. ‘स्वेच्छेने’ हा शब्द या निकालाचा गाभा आहे. कायदा त्या स्त्रीला खोटारडी म्हणत नाही, अजाणही म्हणत नाही. जे एकट्या तिचे नाही, ते तिला सोडता येत नाही, एवढेच तो म्हणतो.

१८/
इथे थांबून सावध व्हायला हवे. चित्र एकरंगी नाही. परस्पर संमतीने वेगळी राहणारी पत्नी या कलमाखाली पोटगी मागू शकत नाही, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. त्यामुळे ‘आम्ही संमतीने वेगळे झालो’ हे एक साधे वाक्यही पुढे अडचणीचे ठरू शकते. घटस्फोटानंतर स्त्रीने स्वेच्छेने हक्क सोडला असेल, तर मॅजिस्ट्रेटला आदेश रद्द करता येतो, अशीही तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १२५ ची जागा कलम १४४ ने घेतली. या तरतुदी मात्र कायम राहिल्या. म्हणून कागदाला काहीच किंमत नाही, असा उलटा गैरसमजही करून घेऊ नये.

१९/
आणखी मोठी फट ‘पत्नी’ या शब्दातच आहे. १९८८ साली ‘यमुनाबाई आढाव’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की पहिली पत्नी असताना केलेल्या दुसऱ्या विवाहातील स्त्री या कलमापुरती पत्नी नाही, तिला आधीचे लग्न ठाऊक नसले तरीही. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, महाराष्ट्रातल्याच ‘बादशाह विरुद्ध उर्मिला गोडसे’ प्रकरणात न्यायालयाने ही भिंत थोडी हलवली : पहिले लग्न लपवून ज्याने फसवले, त्याला स्वतःच्याच फसवणुकीचा लाभ घेता येणार नाही. दरम्यान, ऑक्टोबर २००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने बराच काळ सहजीवनात राहिलेल्या स्त्रीलाही ‘पत्नी’च्या व्याख्येत घेण्याचा प्रस्ताव मंजूर केला. तो कायदा झाला नाही.

२०/
लग्नाविना राहिलेल्या स्त्रीला आज जी वाट आहे, ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची. ‘विवाहसदृश संबंध’ हे शब्द या कायद्याने आणले, आणि १९५६ मध्ये यादीतून गळालेली स्त्री पन्नास वर्षांनी, या वेळी पुरुषाच्या हयातीतल्या हक्कासह, कायद्यात परतली. पण संबंध विवाहसदृश होता, हे दाखवावे लागते : समाजात जोडपे म्हणून वावर, दोघेही लग्नास पात्र असणे, पुरेसा काळ एकत्र वास्तव्य. २०१० च्या ‘वेलुसामी’ आणि २०१३ च्या ‘इंद्रा सरमा’ या निकालांनी हे निकष सांगितले. ‘आम्ही पती-पत्नी नाही’ हे करारातले पहिले वाक्य नेमके इथे स्त्रीच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढे केले जाऊ शकते. ते तिथे का लिहिलेले असते, हे आता लक्षात येईल.

२१/
मुलाच्या बाबतीत मात्र अशी पळवाट नाही. १९५६ च्या कायद्याचे कलम २० आणि नव्या संहितेचे कलम १४४ दोन्ही औरस-अनौरस असा भेद करत नाहीत. दुसरे तर कोणत्याही धर्माच्या घराला लागू आहे. आईने ‘जबाबदारी माझी’ असे लिहून दिले, तरी तिने सोडले ते तिचे नव्हतेच. ते मुलाचे होते. मूल त्या कराराचा पक्ष नाही. करार झाला तेव्हा ते जन्मलेलेही नसते. ज्याची सही नाही, ज्याला वाचता येत नाही, ज्याचा अजून जन्मही झालेला नाही, त्याच्या ताटातला घास दोन सह्यांनी काढून घेता येतो, असे मानणारी कोणतीही करारनीती मला मान्य नाही.

२२/
विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडते. करार स्त्रीला मोकळेही करतो. रखमाबाईंचा खटला आठवा. १८८८ मध्ये दादाजी भिकाजीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला, आणि त्या तडजोडीने रखमाबाईंचा तुरुंग टळला, डॉक्टर होण्याची वाट मोकळी झाली. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून विवाहपूर्व करार चालतात; मालमत्ता समाईक की वेगळी, हे जोडपे आधीच ठरवू शकते. मग शिकलेल्या, कमावत्या स्त्रीने डोळे उघडे ठेवून केलेल्या कराराला कायद्याने का अडवावे? तिला कायम संरक्षणाचीच गरज आहे, असे मानणे हाही एक अपमान नव्हे का?

२३/
माझे उत्तर असे. मालमत्तेचा करार आणि निर्वाहाचा करार या दोन वेगळ्या जाती आहेत. जे आज हातात आहे, ते वाटून घेण्याचा हक्क प्रत्येकाला असावा. तिथे करारस्वातंत्र्य पूर्ण हवे. निर्वाह मात्र उद्याच्या गरजेशी बांधलेला आहे, आणि उद्याचे आजारपण, बेकारी, बाळंतपण आज कोणालाच मोजता येत नाही. शिवाय कायदा कमावत्या स्त्रीवर पोटगी लादत नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या व्यक्तीपुरताच हा हक्क आहे. स्त्री कमावती राहिली, तर करार जसाच्या तसा चालेल. ती कोसळली, तेवढ्यापुरताच कायदा मध्ये येतो. यात अपमान कुठे आहे?

२४/
तरुण वाचकांना माझे सांगणे एवढेच : सहजीवनाचा करार करायचा असेल तर अवश्य करा. भाडे कोण भरेल, अनामत रक्कम कोणाची, फ्रिज आणि दुचाकी कोणाची, हे लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे. मूल झाले तर खर्च कसा वाटायचा, हेही लिहा. ते देणारे कलम आहे. पण ‘मागणार नाही’ आणि ‘जबाबदार राहणार नाही’ ही वाक्ये दिसली, की पेन खाली ठेवा. कागद काय देतो, यावरून त्याची योग्यता ठरवावी. काढूनच घेणारा कागद न्यायालयात टिकणार नाही कदाचित. पण तो टिकणार नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाला तो वर्षानुवर्षे गप्प बसवतो. त्याचे खरे काम तेच असते.

२५/
आणि सही आधीच झाली असेल, तर? स्त्रीला व मुलाला मोफत विधी साहाय्य मिळते. १९८७ च्या कायद्यानुसार त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज ती स्त्री सध्या राहते तिथल्या न्यायालयातही करता येतो, त्यामुळे दर तारखेला मुंबई गाठावी लागत नाही. नागपूरहून गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र भरावे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. आम्हा वैभववाडीकरांना उच्च न्यायालय आता घाटापलीकडे आले आहे.

२६/
त्या मुलीला मी पुन्हा भेटले. जे वर लिहिले, तेच सोप्या शब्दांत सांगितले : मुलाचा हक्क या कागदाने गेलेला नाही, तुझ्या स्वतःच्या हक्कासाठी झगडावे लागेल, वकिलाशी बोल, आणि तुम्ही एकत्र राहत होता याचे पुरावे, भाड्याच्या पावत्या, रेशनकार्ड, रुग्णालयाचे कागद, फोटो, सगळे जपून ठेव. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मगे ह्यो कागद फाडून टाकू?”
मी म्हटले, नको. तो ठेव. त्याने तुझ्याकडून काय लिहून घेतले, हे न्यायाधीशांनीही वाचायला हवे.
तिने मुलासाठी अर्ज केला आहे. निकाल यायचा आहे.

२७/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून कागद आपल्याला प्रिय असतो. मोडी लिपी, शिक्का, साक्षीदारांची नावे यांत आपण रमतो. पण प्रत्येक फारखतीच्या मागे तिचा मजकूर लिहिणारा एक असतो आणि अंगठा उठवणारी दुसरी असते. दप्तरात पहिल्याचा आवाज जपला जातो. पुढच्या वेळी जुना कागद उलगडाल, तेव्हा त्यात कोणी काय सोडून दिले, हे वाचाच. आणि सोबत हेही विचारा, की सोडणाऱ्याजवळ सही न करण्याची मोकळीक होती का.

धागा संपला. तुमच्या गावाकडे अशा कागदाला कोणता शब्द आहे, तो जरूर कळवा. पुढच्या धाग्यासाठी जमवते आहे.